भारताची बास्केटबॉल टीम हरते तेव्हा नक्की काय होतं? विंडो, डिफरन्स आणि एक रिकामी जागा

ऑगस्ट २०२५ मध्ये जेद्दाला आशिया कपची आपली पहिलीच मॅच होती, समोर जॉर्डन, आणि ती मॅच ओव्हरटाइमला गेली, ९१-८४ ने आपण हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, त्याही आतल्या पानावर कुठेतरी: भारताचा पराभव. झालं. आता ज्याला ह्या टीमचं वेड आहे त्याला विचाराल तर तो म्हणेल की अरे बाबा जॉर्डन म्हणजे दोन वर्षांपूर्वी एशियन गेम्सची फायनल खेळलेली टीम, तिला आपण चाळीस मिनिटं बरोबरीत धरलं, पाच मिनिटं जास्तीची खेळायला लावली, आणि त्याआधीच्या आशिया कपात, २०२२ ला जकार्तात, आपण न्यूझीलंडकडून १००-४७ आणि फिलिपिन्सकडून १०१-५९ ने मार खाल्लेला, म्हणजे हे दोन्ही "पराभव" एकाच मापाने मोजायचे का? अर्थातच नाही. पण ते कसं मोजायचं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण ह्या सगळ्या स्पर्धांचं गणित क्रिकेटवाल्या डोक्याला जरा विचित्रच वाटतं. म्हणून हा लेख.

आधी त्या आशिया कपाचंच बघू. सोळा टीम, चार ग्रुप, प्रत्येकात चार. ग्रुपमध्ये पहिला येणारा थेट क्वार्टर फायनलला, दुसरा आणि तिसरा यांना एक जास्तीची मॅच खेळून क्वार्टरला जायचा चान्स, आणि चौथा घरी. म्हणजे सोळातल्या फक्त चार टीम ग्रुपनंतर बाहेर पडतात. आपल्या ग्रुपमध्ये चीन, जॉर्डन आणि यजमान सौदी. तीन मॅचमध्ये एक जरी जिंकली असती तरी तिसऱ्या नंबरचं दार किलकिलं झालं असतं. म्हणून ती जॉर्डनची मॅच इतकी लागली मनाला, ती नुसती चुटपुट नव्हती, तिथेच आपला अख्खा आशिया कप होता. नंतर चीनने १००-६९ ने धुतलं, सौदीकडूनही हरलो आणि तीन मॅचमध्ये तीन पराभव घेऊन परत. ह्याच चीनला पुढे फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाने ९०-८९, म्हणजे एका पॉइंटने हरवलं, तेव्हा आपण कोणाकडून हरलो ते पण बघा.

आणि हो, ऑस्ट्रेलिया. आशिया कपात ऑस्ट्रेलिया काय करतंय असा प्रश्न पडला असेल तर बरोबरच आहे. फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल चालवणाऱ्या संघटनेने, २०१७ पासून आशिया आणि ओशनिया एकत्र केलं. चीन, इराण, कोरिया, फिलिपिन्स ही मंडळी आधीच छातीवर बसलेली, त्यात वरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड आले. म्हणजे रांगेत पुढे आणखी दोन दांडगे उभे. आल्या आल्या ऑस्ट्रेलियाने २०१७ चा कप उचलला, २०२२ चा उचलला, २०२५ चाही.

त्याच २०१७ मध्ये अजून एक मोठा बदल झाला, तो म्हणजे विंडो. पूर्वी एका जागी सगळ्या टीम जमायच्या, पंधरा दिवसांत निकाल, विषय संपला. आता क्वालिफायर फुटबॉलसारखे होम-अवे असतात, नोव्हेंबरमध्ये एक तुकडा, फेब्रुवारीत एक, मग उन्हाळ्यात, असं वर्ष-दीड वर्ष चालतं. ह्या तुकड्यांना विंडो म्हणतात. फॅनसाठी ह्यात चांगलं काय, तर आपल्या देशात मॅच होतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईत आपण कझाकस्तानला ८८-६९ ने हरवलं ती अशीच विंडोमधली मॅच. वाईट काय, तर कॅम्प लागतो थोडे दिवस, दोन मॅच होतात, मग तीन-चार महिने सगळे आपापल्या ऑफिसला. शब्दशः ऑफिसला. आपले बरेचसे प्लेअर रेल्वे, आर्मी, ओएनजीसी, बँका इथे स्पोर्ट्स कोट्यात नोकरीला असतात आणि तिथूनच नॅशनल वगैरे खेळतात, समोरच्या टीमचा प्लेअर मात्र त्या तीन महिन्यांत त्याच्या लीगमध्ये दर आठवड्याला दोन मॅच खेळून आलेला असतो. फरक दिसतो तो चौथ्या क्वार्टरला. पाय जड होतात, पास अर्धा सेकंद उशिरा येतो, आणि पंधरा मिनिटं टाय असलेली मॅच चार मिनिटांत बारा पॉइंटची होऊन बसते.

विंडोची अजून एक गंमत म्हणजे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली ती सगळ्यात मोठी लीग, काही नोव्हेंबर-फेब्रुवारीत प्लेअर सोडत नाही, सीझन चालू असतो त्यांचा. त्यामुळे ज्या देशांचे स्टार अमेरिकेत खेळतात त्यांची बी टीम येते. आपल्याला ह्याचा थेट फायदा फारसा नाही कारण आशियातल्या मोजक्याच टीमना ह्याचा फटका बसतो, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, क्वालिफायरमध्ये बघितलेली टीम आणि मुख्य स्पर्धेत आलेली टीम ह्या वेगळ्या असू शकतात. क्वालिफायरमध्ये बरी लढत दिली म्हणून मुख्य स्पर्धेत तेच होईल असं समजून बसलात तर फजिती ठरलेली.

आता डिफरन्स. हा भाग जरा नीट वाचा कारण खरी मजा इथेच आहे.

फिबाच्या ग्रुपमध्ये जिंकलात तर २ पॉइंट, हरलात तरी १ पॉइंट, मैदानात आलाच नाहीत तर शून्य. दोन टीम सारख्या पॉइंटवर असल्या तर आधी बघतात त्या दोघींच्या आपसातल्या मॅचमध्ये कोण सरस. तीन टीम अडकल्या तर त्या तिघींच्या आपसातल्या मॅचचं छोटं टेबल करतात, आणि तिथेही बरोबरी झाली तर त्या मॅचमधला पॉइंटचा फरक. म्हणजे मॅच हातातून गेली तरी ती २४ ने हरायची की ११ ने हरायची ह्याला किंमत आहे, आणि जिंकतानाही ३ ने जिंकायचं की १३ ने ह्याला किंमत आहे. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत आपण वीसने मागे असताना कोचने मेन पाच जणांना आतच ठेवलं तर "अरे आता काय उपयोग, पोरांना खेळवा की" असं म्हणू नका, तो तो फरक अठरावर आणायच्या मागे असतो.

ह्याचं सगळ्यात येडं उदाहरण २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्सचं. फिलिपिन्स विरुद्ध कझाकस्तान. फिलिपिन्सला नुसतं जिंकून चालणार नव्हतं, ११ पॉइंटने जिंकायला हवं होतं. शेवटचे काही सेकंद, फिलिपिन्स २ ने पुढे, म्हणजे जिंकतायत पण उपयोग शून्य. तर त्यांच्या मार्कस डाउथिटने काय केलं, बॉल घेतला आणि स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकला! हेतू असा की स्कोअर बरोबरीत येईल, ओव्हरटाइम होईल आणि त्या पाच मिनिटांत ११ ची लीड काढू. डोकं बघा. पण नियमात मुद्दाम स्वतःच्या बास्केटमध्ये टाकलेला बॉल धरत नाहीत, रेफ्रींनी तो कॅन्सल केला, मॅच संपली ६७-६५, फिलिपिन्स जिंकले आणि बाहेर पडले. जिंकून बाहेर. हे एकदा कळलं की हरून आत जाणं पण समजतं.

रँकिंगचंही तसंच, फिबाच्या रँकिंगमध्ये गेल्या आठ वर्षांतल्या मॅच धरतात आणि त्यात जिंकलात का, किती फरकाने, घरी की बाहेर, आणि समोर कोण होतं हे सगळं येतं. आपण पुरुषांमध्ये सत्तर-ऐंशीच्या आसपास घुटमळत असतो. फार मनावर घेऊ नका, ग्रुप पाडताना मात्र त्याचा उपयोग होतो, खाली असलं की ड्रॉमध्ये दांडगेच वाट्याला येतात.

आता येतो मला ज्याच्यावर खरं बोलायचंय त्या विषयावर. रिकामी जागा.

वर तो डाउथिट आला ना, त्याचं नाव फिलिपिनो वाटतं का? नाही, कारण तो जन्माने अमेरिकन. फिलिपिन्सच्या संसदेने २०११ मध्ये त्याच्यासाठी चक्क वेगळा कायदा करून त्याला नागरिकत्व दिलं. नंतर २०१४ ला आंद्रे ब्लॅचसाठी केला, २०२३ ला जस्टिन ब्राउनलीसाठी केला. फिबाचा नियम असा आहे की प्रत्येक टीमला बारा जणांत एक, फक्त एकच, असा प्लेअर ठेवता येतो ज्याने त्या देशाचं नागरिकत्व वयाच्या सोळाव्या वर्षानंतर घेतलंय. नॅचरलाइज्ड प्लेअर म्हणतात त्याला. ही एक जागा आशियातल्या बऱ्याच चांगल्या टीम वापरतात. जपानकडे जॉश हॉकिन्सन, कोरियाकडे काही वर्षं रिकार्डो रॅटलिफ होता, तिथे त्याचं नाव रा गुन-आ झालं, अगदी चीनसारख्या देशानेही, ज्यांना माणसांची आणि उंचीची कमी नाही, २०२३ ला एनबीएचा काइल अँडरसन ली काय-अर ह्या नावाने खेळवला. २०२३ च्या हांगझो एशियन गेम्सची फायनल आठवा, फिलिपिन्स ७०, जॉर्डन ६०, एकीकडे ब्राउनली आणि दुसरीकडे रॉन्डे हॉलिस-जेफरसन, जो एनबीएमध्ये बरीच वर्षं खेळलेला. आशियाची फायनल आणि दोन्ही टीमचा मुख्य माणूस अमेरिकेत वाढलेला.

आणि आपण? आपली ती जागा रिकामीच. गल्लीत सहा-सहा जणांची मॅच लावायची आणि आपण पाचच जण उतरायचं, असा प्रकार आहे हा.

का, तर कायदा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला ओसीआय कार्ड मिळतं, पण ते नागरिकत्व नाही, आणि २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने सरळ धोरणच केलं की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच पाहिजे. मग कोणा परदेशी प्लेअरला नागरिकत्व देऊन टाका की? तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे साधारण बारा वर्षं इथे राहायला लागतं, बारा वर्षांनी सेंटरचे, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या त्या उंच माणसाचे, गुडघे गेलेले असतात. त्याच कायद्यात एक पळवाट आहे, विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती ह्यात मोठं काम केलेल्या माणसाला अट शिथिल करता येते. खेळ हा शब्द त्या यादीत नाही. आता पिक अँड रोल, म्हणजे दोघांनी मिळून डिफेन्स फोडायची ती चाल, चांगला खेळणं ही मानवी प्रगती आहे असं मी तरी छातीठोक सांगीन, पण दिल्लीत कोणी ऐकेल असं वाटत नाही.

मग उरतात आपल्याच वंशाची बाहेर वाढलेली पोरं. सिम भुल्लर घ्या, कॅनडात जन्मलेला पंजाबी पोरगा, सात फूट पाच इंच, २०१५ ला सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळून एनबीएमध्ये उतरलेला पहिला भारतीय वंशाचा प्लेअर झाला. त्या टीमचा मालक विवेक रणदिवे, आपल्या मुंबईचा. मालक मराठी माणूस, सेंटर पंजाबी, आणि भारताच्या टीमला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण सिमने कॅनडाचा पासपोर्ट सोडून इथला घ्यायचा म्हटलं तर त्याने उदरनिर्वाह कशावर करायचा? रेल्वेच्या नोकरीवर? फुटबॉलमध्ये रायन विल्यम्सने ते केलं, आईकडून मुंबईशी नातं असलेला ऑस्ट्रेलियन, २०२५ मध्ये त्याने तिकडचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं. पण तो आधीपासून इथल्या लीगमध्ये खेळत होता, पगार इथलाच होता. बास्केटबॉलमध्ये तसा पगार देणारी मोठी लीग आपल्याकडे रुजलीच नाही, अधूनमधून एखादी सुरू होते, दोन-तीन सीझन चालते, बंद पडते.

इथे दोन मतं आहेत आणि माझे मित्रच ह्यावर भांडतात. एक म्हणतो की भाड्याचा अमेरिकन आणून जिंकलं तर त्यात आपलं काय. मला हे पटत नाही. बाराजणांत एक माणूस, बाकी अकरा इथलेच, आणि तो एक आत पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, उभा राहिला की बाहेरच्या आपल्या शूटरला मोकळा थ्री, म्हणजे लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट, मिळतो, प्रॅक्टिसमध्ये रोज त्याच्यासमोर खेळून आपला विशीतला सेंटर शिकतो. जपानची पोरं त्यानेच शिकली.

जपानचं उदाहरण मुद्दाम घेतो कारण "आपण बुटके, आपल्याला जमणार नाही" हे रडगाणं तिथे बंद पडतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जपानला फिबाने सस्पेंड केलं होतं, कारण देशात दोन लीग आणि एकमेकींचं तोंड बघत नाहीत. मग बळजबरीने एकत्र केलं, २०१६ ला बी लीग सुरू झाली. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये जपान पाचपैकी पाच हरलं. २०२३ ला त्याच जपानने टॉम होवासे ह्या कोचच्या हाताखाली ओकिनावात तीन मॅच जिंकल्या आणि थेट ऑलिंपिकचं तिकीट काढलं. पाचही जण बाहेर पसरायचे, पळत राहायचं, थ्रीवर थ्री मारत सुटायचं. त्यांचा युकी कावामुरा १७२ सेंटिमीटर आहे, म्हणजे पुण्यात एफसी रोडवर कोणी वळून बघणार नाही. पॅरिसला यजमान फ्रान्सला त्यांनी ओव्हरटाइमला नेलं, ९४-९० ने हरले, एनबीए गाजवणारा त्यांचा उंचच उंच वेंबन्यामा समोर असताना.

आणि आपल्याकडे काय चाललं होतं त्याच सुमारास? मार्च २०१५ मध्ये बास्केटबॉल फेडरेशनच्या दोन निवडणुका झाल्या, एक बंगळुरूत आणि एक पुण्यात, दोन वेगळे अध्यक्ष! शेवटी फिबाने बंगळुरूवाल्यांना मानलं. राग येतो तो टायमिंगचा, कारण त्याच्या जेमतेम आठ महिने आधी, जुलै २०१४ मध्ये, आपल्या टीमने वुहानमध्ये चीनला चीनमध्ये ६५-५८ ने हरवलं होतं. अमज्योत, अमृतपाल, विशेष भृगुवंशी ही सगळी जवान होती. पुढच्या वर्षी सतनाम सिंगला एनबीएच्या डॅलस टीमने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे प्लेअर निवडायच्या फेरीत, ५२ व्या नंबरवर घेतलं, एनबीए ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला भारतीय. अमृतपाल नंतर ऑस्ट्रेलियात सिडनीकडून खेळला, अमज्योत अमेरिकेत एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये गेला. इतकी माणसं एकाच वेळी हाताशी आली होती आणि साहेबलोक खुर्च्या मोजत बसले होते.

उंचीच्या आणि क्रिकेटच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना अजून एक सांगतो, आपण कायम असे नव्हतो. १९७५ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपण चौथे आलो, ती आजही आपली बेस्ट. १९८० ला मॉस्को ऑलिंपिकलाही खेळलो, चीन, जपान, कोरिया, फिलिपिन्स बहिष्कारात होते म्हणून दार उघडलं हे खरं, आणि बारापैकी बारावे आलो हेही खरं. त्या जुन्या काळात मुंबईतलं नागपाडा म्हणजे बास्केटबॉलची पंढरीच, मस्तान तलावाच्या कोर्टवरून अब्बास मुंतसिरसारखा प्लेअर आला, भारताचा कॅप्टन झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आजही संध्याकाळी तिथे पोरं खेळत असतात. मुलींमध्ये पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, आणि मुलींच्या टीमने २०१७ ला बंगळुरूत आशिया कपाच्या डिव्हिजन बी ची, म्हणजे दुसऱ्या पायरीची, फायनल कझाकस्तानविरुद्ध ७५-७३ ने मारली होती, ती बघितली नसेल तर शोधून बघा.

एनबीए बघून इकडे येणाऱ्यांसाठी पटकन: फिबाची मॅच ४८ नाही ४० मिनिटांची, पाच फाउलवर बाहेर, सहा नाही. रिंगला लागलेला बॉल उडवता येतो, एनबीएत ते नियमबाह्य ठरेल. आणि डिफेन्सवाला सेंटर बास्केटखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो, एनबीएसारखा तीन सेकंदांचा नियम नाही. म्हणून आत गर्दी असते, स्कोअर कमी लागतो, आणि बाहेरून थ्री पडत नसेल तर टीम गुदमरते. आपली टीम नेमकी तिथेच गुदमरते.

२०२७ चा वर्ल्ड कप कतारमध्ये आहे आणि त्याच्या क्वालिफायरमध्ये आपल्या ग्रुपला आले सौदी, लेबनॉन आणि स्वतः कतार. कतार यजमान म्हणून आधीच आत आहे, तरी मॅच खेळतं, तिथे हरलात तर टेबलमध्ये हरलातच. चारपैकी तीन टीम दुसऱ्या फेरीत जातात आणि आधीचे निकाल सोबत नेतात, आणि आशिया-ओशनियाला कतार सोडून सात जागा. नोव्हेंबर २०२५ च्या विंडोमध्ये सौदीकडून दोन्ही मॅच हरलो. म्हणजे ज्या टीमशी तिसऱ्या नंबरसाठी भांडायचं होतं तिनेच आपसातला हिशोब आपल्या विरोधात लिहून टाकला, आणि मुळात तीनमधून फक्त एकालाच मागे टाकायचं होतं. वर्ल्ड कप गाठणं हे माझ्या डोक्यात नाहीच आहे, मला ह्या टीमकडून हवं काय तर ओव्हरटाइमपर्यंत नेलेली एखादी मॅच आशिया कपात जिंकावी आणि ती क्वार्टर फायनलच्या आधीची जास्तीची मॅच एकदा खेळावी. मॅच ऑनलाइन बघता येतात, कॉमेंट्री इंग्लिश असते, आणि लाइव्ह चॅटमध्ये फिलिपिनो फॅन आपल्यापेक्षा जास्त असतात, अगदी त्यांची मॅच नसली तरी.